बूट होईना!

अंतरवाली सराटी म्हटलं, की २०२३ पासून समोरचा माणूस लगेच उपोषणाचंच विचारतो. हॉस्टेलवर तर माझं नावच 'सराटी' पडलंय. पण मित्रांनो, आज मी सांगणार आहे ती आमच्या घरातल्या कोपऱ्यातली गोष्ट.

आमच्याकडे २००६ साली कापसाच्या पैशातून घेतलेला एक पेंटियम फोर आहे. त्याच्या हार्ड डिस्कवर आमच्या मोसंबीच्या बागेचे फोटो होते. काकांनी २००९ मध्ये पुण्याहून डिजिटल कॅमेरा आणला होता, तेव्हा काढलेले. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात किती बागा वाळल्या, हे इथल्या कुणालाही विचारा. आमचीही तोडावी लागली. सरपण झालं तिचं. उरले ते फोटो. आणि मागच्या दिवाळीत आण्णांनी कम्प्युटर लावला, तर काळ्या पडद्यावर एकच ओळ : 'एनटीएलडीआर इज मिसिंग'.

"विंजिनेर झाला ना तू? मग कर की चालू." झालं! तीन वर्षांच्या फीचा हिशोबच जणू मागितला.

तसं अवघड काही नव्हतं. विंडोज उठत नसलं तरी डिस्क फिरत होती. सीडीवरून लिनक्स चालू करायचं, फोटो पेनड्राइव्हवर घ्यायचे, संपलं. (हार्ड डिस्क काढून लॅपटॉपला जोडता आली असती, पण ती जुन्या चाळीस पिनांची, तिचा कन्व्हर्टर दिवाळीत कोण देणार?) एवढ्या जुन्या मशीनचा बायोस पेनड्राइव्हवरून बूट होत नाही आणि माझ्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही. म्हणून वडीगोद्रीच्या एका फोटो स्टुडिओत गेलो. लग्नाच्या डीव्हीडी अजून करून देतात तिथे. पपी लिनक्स घेतलं, २५६ एमबी रॅममध्ये चालेल असं जुनं व्हर्जन. नाव ऐकून स्टुडिओवाला लाजला.

घरी आलो, डिस्क घातली. पुन्हा 'मिसिंग'. डिलीट की दाबून बायोसमध्ये गेलो, बूट ऑर्डरमध्ये हार्ड डिस्क खाली आणि सीडीरॉम वर केलं. तेवढ्यात लाईट गेली. आली तेव्हा तारीख १ जानेवारी २००२ आणि हार्ड डिस्क पुन्हा वर! असं तीनदा झालं. मग डोक्यात प्रकाश पडला, मदरबोर्डवरचा सेल मेलाय. लाईट आहे तोवर सेटिंग लक्षात, लाईट गेली की सगळं विसरलं. सीआर २०३२ सेल गावात कुठे मिळणार? आजीच्या शुगर तपासायच्या यंत्रात मिळाला. आजी म्हणाली, "घे, मला समजंलच की गोड खाल्लं तर."

आता ऑर्डर टिकली, तरी बूट होईना. मी आपला पुटपुटतोय, "बूट का होत नाही, बूट का होत नाही..." आण्णा दारातून म्हणाले, "काहून रे, बूट कशाला हुडकतो? चपला हायेत ना."

डिस्क घेऊन परत स्टुडिओत. उघडून बघितली तर आत एकुलती एक आयएसओ फाईल. गाणं कॉपी करावं तशी कॉपी केलेली! इथे जरा थिअरी सांगतो, व्हायव्हाला उपयोग होईल. सीडीवरून बूट कसं व्हायचं याचा नियम १९९५ साली फिनिक्स आणि आयबीएम यांनी ठरवला. नाव 'एल टोरिटो'. बायोस डिस्कच्या १७ नंबरच्या सेक्टरमध्ये बूट रेकॉर्ड आहे का ते बघतो; तिथून त्याला पुढचा पत्ता मिळतो. आयएसओ म्हणजे आख्ख्या डिस्कचा साचा. तो साच्यासारखाच उतरवावा लागतो. नुसती फाईल म्हणून ठेवली, तर तिचा सतरावा सेक्टर भलतीकडेच जाऊन पडतो आणि बायोसला रिकामं घर सापडतं. या वेळी 'इमेज बर्न' करून घेतली.

तरीही नाही. ड्राइव्हचा दिवा तीनदा लुकलुकायचा आणि गप्प.

रात्री अकराला बॅटरीच्या उजेडात ड्राइव्हचं तोंड पुसलं, तेव्हा दिसलं : नुसतंच 'कॉम्पॅक्ट डिस्क'. डीव्हीडीचा शिक्काच नाही! सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५०. ही आकृती मी परीक्षेत काढून पूर्ण मार्क घेतले होते आणि दोन दिवस सीडी ड्राइव्हला डीव्हीडी चारत बसलो होतो. हे मी आण्णांना अजून सांगितलेलं नाही, कृपया अंक घरी पाठवू नये.

कोरी सीडी शेवटी अंबडला एका कॅसेटच्या दुकानात मिळाली, धूळ पुसून दिली त्यांनी. कमी स्पीडवर बर्न केली, जुन्या ड्राइव्हला तशी बरी वाचता येते. संध्याकाळी घातली. घरघर, घरघर... आणि पडद्यावर अक्षरं पळायला लागली.

आधी सगळं पेनड्राइव्हवर घेतलं, मगच फोटो उघडले. आई हात पुसत आली. आण्णा खुर्ची ओढून अगदी पडद्याला चिकटून बसले. माऊसला हात लावेनात, बोटानेच दाखवत होते. "ही तिसऱ्या वळीतली. हिला उशिरा यायची फळं." मी पुढचा फोटो लावला. "थांब, मागं घे. ती विहीर मोठी कर." केली. पाणी कुठवर होतं, ते ते बघत होते.