कळलावीचं पान

वैशाखात शहरातल्या वनस्पती उद्यानात काढलेला एक फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. त्यात फूल नाही, पान नाही, वेलही नाही. एक कुंडी, तिच्यातली तडकलेली माती आणि वर पत्र्याची पाटी: कळलावी, ग्लोरिओसा सुपर्बा. मी कधी पाटीकडे, कधी मातीकडे पाहत उभी होते. माळीकाकांनी हातातली झारी खाली ठेवली. म्हणाले, "झोपलीय ती. खाली कंद आहे. पाऊस पडला की उठेल." मग मी तिच्या झोपेचाच फोटो घेतला.

भाद्रपदात सोयगावला गेले. हळदा गाव मागं पडलं की पठार संपतं आणि वेताळवाडीचा घाट लागतो. डोंगर थेट किल्ल्याच्या तटापर्यंत हिरवा, तटाच्या चिऱ्यांतसुद्धा तेरडा. उद्यानात प्रत्येक रोपाला आपापली जागा असते. इथं गवतात तेरडा, तेरड्यात कुर्डू, आणि या सगळ्या दाटीतून बोरीच्या काट्यांना धरून वर आलेली कळलावी, पेटलेली.

तिचं फूल मान खाली घालतं आणि पाकळ्या मात्र उलट वळून वर उठतात. सहा पाकळ्या, कडा नागमोडी. कळी हिरवी, उमलताना पिवळी, मग टोकाकडून लाली उतरत उतरत सगळंच फूल लालभडक. हे सगळे दिवस एकाच वेलावर एकाच वेळी दिसतात. पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे आडवे पसरलेले, आणि स्त्रीकेसर तर बुडापाशीच काटकोनात वळून बाजूला निघालेला. मी गुडघे टेकून बसले. पण वारा थांबेना. फूल चौकटीत आलं की हले, पुन्हा आलं की पुन्हा हले.

वाऱ्याची वाट पाहताना रॉबर्ट गिलची आठवण झाली. वाघूरकाठची अजिंठ्याची लेणी याच सोयगाव तालुक्यात. 1844 पासून हा माणूस तिथल्या चित्रांच्या नकला करत राहिला. त्यातल्या बहुतेक 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. त्यानं कॅमेराही हाती धरला होता, त्याच्या फोटोंचं पुस्तक 1864 मध्ये निघालं. त्या काळी काचेवर ओलं रसायन लावायचं आणि ते सुकायच्या आत फोटो घेऊन धुवायचा. माझ्या हातात फोन होता, आणि तरी मला एका झुळुकीचा धीर धरवत नव्हता.

"ताई, फुलाचेच फोटू काढून राहिल्या का? पान पाहा ना तिचं."

शेळ्यांमागून एक मावशी आल्या होत्या. त्यांनी काठी काखेत धरली आणि एक पान बोटावर घेतलं. मी इतका वेळ तिथं होते आणि ते मला दिसलंच नव्हतं. पान टोकाकडे निमुळतं होत होत सुतासारखं बारीक होतं, आणि त्या सुताला आकड्यासारखा पीळ. त्या आकड्यानंच तिनं बोरीची फांदी धरली होती. "ह्याच हातानं चढती ती," मावशी म्हणाल्या.

मी खाली माती उकरून पाहायला वाकले, तेव्हा त्यांनी मला अडवलं. "मुळाला हात नका लावू. जहर असतं त्यात." खरंच आहे, कंदात कोल्चिसिन असतं. बाळंतपण अडलं की पूर्वी हाच कंद उगाळून पोटावर लेप देत. कळा लावते ती कळलावी. औषधासाठी लोक कंद खणून नेतात. कंदच गेला तर पुढच्या पावसात उठणार कोण, या विचारानं मला फार वाईट वाटतं.

लेण्यांच्या छतांवरची कमळं तेव्हा डोळ्यांपुढं आली. त्या चित्रकारांनी नुसतं फूल काढलेलं नाही. वळत जाणारे देठ, कळ्या, पानं, सगळं आहे. मी मात्र सकाळपासून नुसती लाल रंगामागं होते.

"मावशी, पान तसंच धरून ठेवा जरा."

त्यांनी धरलं. वारा होताच, पण आता पान हलत नव्हतं. फोटोत मावशींचा अंगठा आलाय, नखात माती, त्यावर टेकलेला तो हिरवा आकडा, आणि मागं कडेला एका शेळीचा कान. फूल त्यात आलेलं नाही. खाली मी लिहून ठेवलं: कळलावी, वेताळवाडी घाट, भाद्रपद.