संत्र्याचा ताण, कॉफीचा बहर

नांदगाव खंडेश्वरहून चिखलदऱ्याला पायी फिरायला जायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पावसाळ्यात ना?" आमच्याकडे चिखलदरा म्हणजे जुलै-ऑगस्टमधलं धुकं, धबधबे, भाजलेले भुट्टे आणि मोझरी पॉइंटवरची गर्दी. पण कॉफी बघायला जायचं असेल तर त्या महिन्यांवर मी सरळ काट मारते. तेव्हा झाडावर नुसती हिरवी, कडक फळं असतात आणि सगळ्या डोंगराचाच रंग तो असतो. माणूस बागेच्या कडेनं निघून जातो, कॉफी कुठली आणि इतर झाडोरा कुठला हे त्याला कळतही नाही.

कॉफीच्या मुलखातली पायी सहल आखणं म्हणजे माझ्या मते आधी झाडाचं वर्ष समजून घेणं. वाट, मुक्काम, जेवण हे नंतरचं. आणि सहल आमच्या तालुक्यातून निघणार असेल तर वर्ष एका झाडाचं बघून भागत नाही. खाली कापूस, तूर, हरभरा, संत्रा आहे. येणाऱ्यांपैकी निम्मे लोक त्यांच्या वेळापत्रकाला बांधलेले असतात.

चिखलदऱ्याचं पठार सुमारे 1,100 मीटर उंच आहे. 1823 मध्ये कॅप्टन रॉबिन्सन या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेत ते भरलं, आणि इंग्रजांच्याच काळात इथे कॉफी आली. अरेबिका कॉफीला अशीच उंची आणि डोक्यावर सावली लागते. महाराष्ट्रात कॉफीसाठी नाव घेतलं जातं ते याच गावाचं. तरी येणाऱ्यांना मी आधीच स्पष्ट सांगते की कुर्ग-चिकमगळूरसारखे डोंगरच्या डोंगर व्यापणारे मळे इथे नाहीत. बागा थोड्या आहेत, सावलीत दडलेल्या आहेत. ज्याला विस्तारच बघायचा आहे त्यानं कर्नाटकातली बाबा बुडनगिरी गाठावी. सतराव्या शतकात बाबा बुडन यांनी अरबस्तानातून 7 बिया आणून तिथे लावल्या, अशी कथा सांगतात. आपल्या घरापासून एका दिवसात जिथे पोचता येतं तिथे हे झाड कसं जगतं, याचं ज्याला कुतूहल आहे त्यानं माझ्याबरोबर यावं.

बघण्यासारखे काळ दोन, फुलाचा आणि फळाचा. फुलाचा काळ मला अधिक प्रिय आहे आणि आखायला तोच सगळ्यात अवघड. पाऊस संपल्यावर कोरड्या महिन्यांत कॉफीच्या कळ्या फांदीवर तयार होतात आणि तिथेच थांबून राहतात. झाड तहानलेलं असतं. मार्च-एप्रिलात एखादी चांगली सर पडली की त्या जाग्या होतात, आठ-दहा दिवसांत फांदी न् फांदी पांढरी होते आणि जाई-मोगऱ्याच्या जवळचा वास सुटतो. दोन-तीन दिवसांत सगळं करपून तपकिरी पडतं. कर्नाटकातले बागायतदार या सरीकडे डोळे लावून असतात. ती आली नाही तर तुषार सिंचनानं बाग भिजवतात.

संत्र्याच्या बागेत वाढलेल्या माणसाला हे फार समजावून सांगावं लागत नाही. आंबिया बहर धरायचा तर डिसेंबरात पाणी तोडायचं, पानं मलूल होईपर्यंत झाडाला ताण द्यायचा आणि जानेवारीत पाणी सोडायचं, हे तो पिढ्यान्‌पिढ्या करत आला आहे. आमच्या एका सहलीत एक बागायतदार काका होते. मी कळ्यांचं सांगत होते, तर ते वाकून फांदी न्याहाळत म्हणाले, "म्हंजे यालेबी ताणच पाह्यजे!" पुढं सगळ्यांना समजावण्याचं काम मी त्यांच्यावर सोपवलं. शहरातून आलेल्या मुलांना त्या दिवशी संत्रा आणि कॉफी एकदमच कळली.

पण या फुलाची तारीख छापता येत नाही. म्हणून फुलाच्या सहलीला मी तारीख देतच नाही, फक्त नावं लिहून घेते. वर सर पडली की तिथल्या ओळखीच्या माणसाला फोन करायचा, किती पडली विचारायचं. नुसता शिडकावा झाला असेल तर उपयोग नाही. चांगली पडली असेल तर तिथून दिवस मोजायचे आणि कळ्या टपोऱ्या झाल्याचं कळलं की दोन दिवसांत निघायचं. नोकरदारांना हे जमत नाही, ते नाराज होतात. त्याला इलाज नाही.

याच दिवसांत चिखलदऱ्याभोवतीच्या मेळघाटात आणखी दोन गोष्टी असतात. एक होळी. कोरकू आदिवासींचा हा सगळ्यात मोठा सण, कामासाठी बाहेरगावी गेलेली माणसं त्यासाठी गावी परततात, पुढं काही दिवस फगवा मागणं चालतं. त्या दिवसांत वाटाड्या मागायचा नाही. त्याला आपल्या घरी राहू द्यावं. दुसरी गोष्ट मोहाची. झाडाखाली फुलांचा सडा पडतो, पहाटे बाया-पोरं टोपल्या घेऊन वेचायला जातात आणि त्याच फुलांसाठी अस्वलही येतं. म्हणून फोटोसाठी कुणी कितीही गळ घातली तरी चांगलं उजाडल्याशिवाय मी माणसांना वाटेवर काढत नाही. शेजारी व्याघ्र प्रकल्प आहे. देशात 1973-74 मध्ये जे पहिले 9 व्याघ्र प्रकल्प झाले त्यांत मेळघाट होता. पायवाट दिसते म्हणून ती आपल्यासाठी मोकळी आहे असं समजायचं नाही. वनखात्याला विचारायचं, नाही म्हटलं तर वाट बदलायची.

फळाची सहल डिसेंबरातली. तेव्हा खाली कापसाची वेचणी चालू असते, त्यामुळे शेतकरी घरातली माणसं दोन वेच्यांच्या मधले दिवस काढून येतात. मी तारखा ठरवते त्या त्यांना विचारून. या सहलीत चिखलदऱ्याजवळचा गाविलगड किल्ला घ्यावाच. 15 डिसेंबर 1803 रोजी इंग्रज सेनानी वेलस्ली आणि स्टीव्हनसन यांनी तो नागपूरकर भोसल्यांकडून घेतला. स्टीव्हनसनच्या फौजेनं डोंगरांतून तोफा ओढत उत्तरेच्या बाजूला आणल्या होत्या. पठाराकडून किल्ल्याकडे चालत गेलं की तीच बाजू का निवडली ते पायांना समजतं. बाकी तिन्हीकडे नुसते कडे आहेत. एका दिवसात किल्ला आणि बाग, एवढंच. त्यात पंचबोल, भीमकुंड, देवी पॉइंट ही ठिकाणं कोंबली की चालणं राहतं बाजूला आणि गाडीतून चढणं-उतरणं सुरू होतं.

बागेत शिरल्यावर परवानगीशिवाय फळाला हात लावायचा नाही. मालकानं एखादं दिलं तर ते दाबून बघावं. लाल सालीखाली गोडसर, बुळबुळीत गर आणि सपाट बाजू एकमेकींना लावून बसलेल्या दोन बिया. त्यांना कॉफीचा वास मुळीच नसतो, तो भाजल्यावर येतो. पुष्कळांना याचंच सगळ्यात जास्त नवल वाटतं. कापूस वेचणाऱ्या बाईचं लक्ष मात्र दुसरीकडे होतं. आमच्या गावाकडची, जन्मभर कापूस वेचलेली एक मावशी झाडाला फेरी मारून म्हणाली, "हे एकदम नाही पिकत. याचेबी वेचे कराव लागत असन." मग हळूच, "किलोमांगं काय देतात जी?"

तिचं बरोबर होतं. चांगल्या कॉफीसाठी फक्त लाल झालेली फळं हातानं निवडतात, हिरवी पुढच्या फेरीला ठेवतात. मजुरी हाच तिथलाही मोठा खर्च. तेव्हापासून वेचणी केलेल्या बायांना या सहलीचे पैसे मी लावत नाही. बागेत काय विचारावं हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

फुलाच्या सहलीच्या यादीत दरवर्षी काही नावं अशी असतात, ज्यांना मी शेवटी बोलावत नाही. वर कळ्या जाग्या करणारी सर बऱ्याचदा खालीही पडते. कापून ठेवलेला गहू भिजतो, हरभऱ्याची गंजी भिजते, गारा असल्या तर संत्र्याची बारीक फळं गळतात. सर पडल्यावर मी आधी गावातच फिरून येते, कुणाचं काय भिजलं ते बघते. फोन त्यानंतर करते.