साखरेमुळे लागतं मीठ

भिवंडीत पारा शून्याला कधी शिवतही नाही. खाडीवरच्या दमट हवेत, मागांच्या खडखडाटात उकडून निघणाऱ्या या गावात पाणी शून्याखालीही पातळ राहू शकतं, हे बघायचं तर लाल फडकं गुंडाळलेल्या कुल्फीच्या माठाशीच जायला हवं. लादी फोडून केलेला बर्फ, त्यावर मुठीमुठीनं टाकलेलं खडेमीठ, आणि त्यात खोवलेले, झाकणाला कणीक लिंपलेले पत्र्याचे साचे. इतका जपून आणलेला बर्फ मीठ टाकून मुद्दाम का वितळवायचा? दोष साच्यातल्या गोडव्याचा आहे, असं मला वाटतं. नुसतं पाणी शून्य अंशाला गोठतं. दूध मात्र उणे 0.54च्या आसपास, कारण त्यात दुग्धशर्करा आणि क्षार विरघळलेले असतात. हा आकडा इतका पक्का, की दुधात पाणी घातलं की तो शून्याकडे सरकतो आणि डेअरीच्या तपासणीत भेसळ उघडी पडते. तेच दूध आटवलं, वर साखर घातली, की गोठणबिंदू आणखी खाली जातो. शिवाय जेवढं पाणी गोठतं तेवढा उरलेला पाक दाट होत जातो आणि गोठायला अधिकच अडून बसतो. कुल्फी दाताखाली दगडासारखी लागत नाही, ती त्यामुळेच. अशा हट्टी मिश्रणापुढे शून्य अंशाच्या बर्फाचं काही चालत नाही.

मीठ कामी येतं ते इथे. बर्फाच्या पृष्ठभागावरून पाण्याचे रेणू सतत सुटत असतात आणि सतत परत चिकटत असतात. शून्य अंशाला दोन्हींची बरोबरी होते. भोवतालच्या पाण्यात मीठ विरघळलं की परतणारे कमी होतात, सुटणारे तेवढेच राहतात, आणि बर्फ वितळू लागतो. एक ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे 80 कॅलरी उष्णता लागते. ती बाहेरून पुरेशी मिळत नाही, मग माठातूनच, साच्यातल्या दुधातूनही ओढली जाते. मीठ पुरेसं असेल तर बर्फ-मिठाचं हे मिश्रण उणे 21 अंशांपर्यंत उतरू शकतं.

कुणी म्हणेल, मीठ विरघळतानाच थंडावा देत असेल; अकबराच्या काळी सोऱ्यानं पाणी गार करत, हे ‘आइन-ए-अकबरी’त नोंदलेलं आहेच. सोऱ्याचं ते खरं. पण साधं मीठ विरघळताना ग्रॅममागे जेमतेम 16 कॅलरी घेतं. एक भाग मिठाला तीन भाग बर्फ वितळला, तर मिठाच्या 16पुढे बर्फाच्या 240 कॅलरी. गारवा बर्फाचाच, मीठ फक्त त्याला शून्याखाली वितळायला लावतं. मग साखरच का टाकू नये? तीही हेच करते, पण इथे महत्त्व कणांच्या संख्येला आहे, हे फ्रान्सच्या रसायनशास्त्रज्ञ राऊल्तनं 1880च्या दशकात प्रयोगांनी दाखवून दिलं. साखरेचा रेणू थोराड आणि अखंड राहतो. मिठाचे पाण्यात दोन आयन होतात. किलोभर पाण्यात साठेक ग्रॅम मीठ गोठणबिंदू साडेतीन अंशांच्या आसपास उतरवतं, तेवढीच साखर अंशाच्या एक तृतीयांशानं.