पर्वतावरची राई

लहानपणी इंदूरच्या आमच्या घरी पुस्तकांची मांडणी होती ती सफरचंदांच्या पेट्यांची. आईने फळबाजारातून आणवलेल्या त्या पांढुरक्या, हलक्या फळ्यांचे झाड मला दिसले ते थेट निवृत्तीच्या वर्षी, २०१७च्या मे महिन्यात, हिमाचलातील नारकंड्याला. मी त्याला देवदार म्हटले. सोबतचा वनरक्षक हसला, "साहेब, ही राई." राईचा पर्वत आपण ऐकलेला; ही पर्वतावरची राई, म्हणजे हिमालयातला स्प्रूस. त्याचे सुईसारखे पान चौकोनी असल्याने दोन बोटांत सहज फिरते आणि शंकू फांदीवरून खाली लोंबतात. शेजारच्या तोसाचे शंकू मात्र ताठ उभे. पेट्या याच दोन झाडांच्या होत, हेही त्यानेच सांगितले.

अफगाणिस्तानापासून नेपाळपर्यंत, साधारण २,१०० ते ३,६०० मीटर उंचीवर हा वृक्ष वाढतो. स्प्रूसच्या जाती सुमारे ३५, साऱ्या उत्तर गोलार्धातल्या. सायबेरियात, कॅनडात तो सपाटीवर असतो. दक्षिणेकडे येताना त्याला डोंगर चढावा लागतो. बर्फाचे त्याला भय नाही. मुळे उथळ असल्याने उन्हाळा मात्र थंड आणि ओलसर हवा.

एवढे ऐकूनही मी रोपवाटिकेतून वीतभर रोप आणलेच. शब-ए-मालवाचा आम्हां इंदूरकरांना कोण अभिमान! पण इंदूर जेमतेम साडेपाचशे मीटरवर. रोपाने पावसाळा काढला, थंडी काढली. २०१८च्या एप्रिलात पाने गळू लागली. ओले गोणपाट, सावली, माठातले पाणी, पत्नीने आजाऱ्यासारखी शुश्रूषा केली. मे सरण्यापूर्वी काडी उरली. हट्ट माझा होता; रडली ती.

त्यानंतर जर्मनीतला भाचा हार्त्स डोंगरांची छायाचित्रे पाठवू लागला. तेथील खालच्या उतारांवर मूळची वने बीचची. लाकडासाठी पिढ्यान्‌पिढ्या स्प्रूस लावला गेला. निरोगी झाड सालीत शिरणाऱ्या भुंगेऱ्याला राळेत बुडवते. तहानलेल्याजवळ राळच पुरत नाही. २०१८पासूनच्या कोरड्या उन्हाळ्यांत उतारच्या उतार करडे पडले. छायाचित्रे मी पत्नीला दाखवली नाहीत.

आईची मांडणी अजून माझ्या खोलीत आहे. तिने इंदूरचे साठएक उन्हाळे काढले.