दादांच्या जावाचे तीन भाव

दादा जाऊन यंदा तीन वर्षं होतील. कऱ्हाडच्या घराच्या पडवीत त्यांची १९६९ ची जावा गोणपाटाखाली उभी होती. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा ताई म्हणाली, "गाडी काढूया आता." वाईट वाटलं, पण दुसरा मार्ग दिसत नव्हता.

प्रश्न होता, किंमत काय मागायची?

पहिला भाव भंगारवाल्याचा. एक चक्कर मारून म्हणाला, "वजनावर घेतो. चार हजार."

दुसरा भाव आमच्या मिस्त्रींचा. दादांची गाडी आयुष्यभर त्यांनीच सांभाळली. त्यांनी टाकी बघितली नाही, क्रोम बघितलं नाही. खाली बसले, रॉकेलच्या बोळ्यानं गंज पुसला नि चेसिस नंबर वाचला. मग इंजिनाचा. दोन्ही नंबर आरसी बुकाशी जुळले तेव्हा कुठं हसले. "सायलेन्सर बदललेला हाय, सीट बाहेरची. ती मिळत्यात. नंबर मिळत न्हाईत. चालू करून दिलीस तर एक लाख दहापर्यंत जाईल."

त्याला कारण आहे. म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून जावा बनायला लागली. १९७३ ला नाव 'येझदी' झालं आणि १९९६ ला कारखानाच बंद पडला. म्हणजे त्या कारखान्यातल्या, 'जावा' नावाच्या गाड्या साधारण बारा वर्षांतल्याच. त्यातल्या किती भंगारात गेल्या, कोण मोजतंय! उरलेल्यांपैकी अस्सल कागद असलेली गाडी मिळणं आणखी अवघड.

तिसरा भाव फोनवर आला. "दीड लाख देतो. गाडी तुमच्याकडंच राहू दे. मला फक्त आरसी बुक आणि चेसिसवरचा नंबराचा तुकडा कापून द्या."

मला आधी कळलंच नाही. मिस्त्रींनी समजावलं. त्या माणसाकडं बिनकागदाची जावा असणार. दादांचा नंबर तिला डकवला की ती 'कायदेशीर' झाली. ती गाडी चोरीची असली तरी विचारणार कोण? आणि उद्या कशात सापडली तर पोलीस आमच्या दारात.

चाळीस हजारांचा फरक होता, मित्रांनो. हॉस्पिटलचा अंदाजपत्रकाचा कागद समोर होता. खोटं कशाला सांगू, दोन रात्री मी विचार केला. शेवटी आईलाच सांगितलं. ती म्हणाली, "ह्यांनी उभ्या जन्मात खोटी सही केली नाही. आता त्यांच्या नंबरानं करायची?"

विषय संपला.

मग सरळ रस्ता धरला. गाडी आधी वारसाच्या नावावर करायची, म्हणजे फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, आई आणि ताईची संमती. त्यानंतर विक्रीसाठी फॉर्म २९ आणि ३०. बुकात नूतनीकरणाचा शेवटचा शिक्का २००४ चा, त्यामुळे तपासणीही आलीच. कार्यालयात उत्तर मिळालं, "जुनं रेकॉर्ड ऑनलाईन नाही, रजिस्टर शोधावं लागेल." चार हेलपाटे, अडीच महिने.

मला बोलायचंय ते इथंच. सरळ मार्गाला अडीच महिने आणि लबाडीला एक फोन. मग लबाडी वाढणार नाही तर काय? २०२१ मध्ये केंद्रानं पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम आणले, आधी नोंद असलेल्या गाडीचा जुना नंबर कायम राहील असंही सांगितलं. चांगलंच झालं. पण तो नंबर ज्या रजिस्टरात आहे ते वाळवी खात असेल तर काय उपयोग? आधी ती रजिस्टरं संगणकावर आणा.

गाडी अखेर इस्लामपूरच्या एका शिक्षकांनी घेतली. एक लाख बारा हजार, चेकनं. त्यांनी किक मारली, तिसऱ्या किकला निळा धूर निघाला. आई काठी टेकत दारापर्यंत आली आणि आवाज कोपऱ्यावरून वळेपर्यंत तिथंच उभी राहिली.

तुमच्या पडवीत अशी गाडी असेल तर एवढं करा. दोन्ही नंबर आजच आरसी बुकाशी ताडून बघा. बुकाचा फोटो व्हॉट्सॲपवर कुणाला पाठवू नका. आणि वडील आहेत तोवर कागद पुरे करून घ्या. नंतरचे हेलपाटे फार जड जातात.