पॉलिश पेपर

माझ्याकडे घोडदळाच्या दोन जुन्या तलवारी आहेत. एक ब्रिटिश, १७९६च्या नमुन्याची. दुसरी प्रशियन, १८११च्या. लांबून पाहिलं तर जुळ्या बहिणीच. वाकडं, टोकाकडे रुंद होणारं पातं आणि मुठीवर एकच लोखंडी कमान. कारण प्रशियाने ब्रिटिश नमुनाच उचलला होता. फ्लँडर्सच्या मोहिमेत ब्रिटिश स्वार आपल्याच तलवारीने स्वतःला आणि घोड्याला जखमी करतात, हे बघून जॉन गॅस्पार्ड ल मार्शां या अधिकाऱ्याने तो घडवला होता.

फरक हातात घेतल्यावर कळतो. माझी प्रशियन जड आहे. शिवाय प्रशियन तलवारींच्या कमानीवर बरेचदा ठसे असतात: रेजिमेंट, तुकडी, हत्याराचा नंबर.

माझ्या तलवारीवरही होते. घरी आणली तेव्हा ती काळपट होती. दिवाळीत देवाची भांडी चिंचेने घासत मोठा झालेला मी. काळं म्हणजे घाण, एवढंच डोक्यात. पॉलिश पेपर घेतला आणि रविवारभर घासत बसलो. कमान आरशासारखी झाली. मग दिव्याखाली तिरपी धरून पाहिली. एक अक्षर उरलं होतं आणि एका आकड्याचा अर्धा भाग. तो ३ असेल किंवा ८.

दोनशे वर्षं टिकलेला स्वाराचा पत्ता मी एका दुपारी पुसला. ब्रिटिश तलवार अजून काळीच आहे. तिच्यावर फक्त तेलाचा बोळा फिरवतो.