जमिनीत पुरलेला तालांत

मराठी भाषेत 'उद्योग' या शब्दाची मोठी हेळसांड झाली आहे. मुलाने घरातले घड्याळ उघडून आतली चक्रे पाहिली की आई ओरडते, "हे काय उद्योग मांडलेस?" नसते उद्योग, रिकामपणाचे उद्योग असे शब्दप्रयोग आपल्या तोंडी रुळले आहेत. वस्तुतः घड्याळ उघडणाऱ्या त्या मुलाच्या अंगी उद्योजकाचा एक गुण, कुतूहल, उपजतच होता. आपण दटावून तो मालवला आणि पुढे तोच मुलगा पदवीधर होऊन नोकरीच्या अर्जांमागे धावू लागला, तेव्हा मात्र त्याच्यात धडाडी नाही म्हणून हळहळलो.

वसईच्या ख्रिस्ती समाजाला उद्योग नवा नाही. पानवेली, केळी, फुले आणि भाजीपाला यांवर येथील पिढ्या पोसल्या. सुकेळी करणाऱ्या घरांतील शिस्त आठवून पाहावी. पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात मांडायची, दव पडण्याआधी आत घ्यायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडायची. उन्हाला घाई करता येत नाही आणि एका संध्याकाळचा आळस सारा माल नासवतो. भाजीच्या टोपल्या घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबई गाठणाऱ्या आपल्या आज्यांना कुणी उद्योजक म्हटले नाही. पण हिशेब त्यांना तोंडपाठ असे, गिऱ्हाइकाची पारख असे. आणि उद्या याच दारात उभे राहायचे आहे, म्हणून मापात खोट नसे.

मग आज आपण बिचकतो का? धर्मग्रामाच्या कार्यालयात नोकरीसाठी शिफारसपत्र मागायला येणारे तरुण आम्हांला वर्षभर भेटतात. नव्या धंद्यासाठी आशीर्वाद मागणारा एखादाच. वाडी विकून आलेला पैसा मुदतठेवीत पडून आहे आणि मुलगा परदेशाच्या व्हिसाची वाट पाहत आहे, अशी घरे आमच्या परिचयाची आहेत. भांडवलाची वाण पूर्वीइतकी राहिलेली नाही. वाण आहे ती दुसऱ्याच कशाची तरी.

संत मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातील दृष्टांत या संदर्भात मननीय आहे. तालांत हे त्या काळी मोठे वजन होते. चांदीचा एक तालांत म्हणजे मजुराची सुमारे २० वर्षांची कमाई. तेव्हा तिसऱ्या चाकराला मिळालेली रक्कम क्षुल्लक नव्हती. त्याने ती उधळली नाही, चोरली नाही. पैन् पै परत केली. तरीही धनी संतापला. त्या चाकराने स्वतःच कारण सांगितले आहे : तो भ्याला. धन्याविषयी अविश्वास आणि नुकसानीचे भय या दोहोंनी मिळून त्याच्या हाती खोरे दिले व खड्डा खणवला. आपल्या कित्येक मुदतठेवी असेच खड्डे आहेत, असे म्हटल्यास वाचकांनी रागावू नये.

याचा अर्थ डोळे मिटून उडी घ्यावी असा नव्हे. पोप संत दुसरे जॉन पॉल यांनी १९९१ च्या 'सेन्तेसिमुस आन्नुस' या परिपत्रकात उद्योगाला लागणारे सद्गुणच सांगितले आहेत : कष्टाळूपणा, वाजवी जोखीम पत्करण्यातला विवेक, माणसांशी व्यवहारातली विश्वासार्हता, आणि आवश्यक पण क्लेशदायक निर्णय पार पाडण्याचे धैर्य. पोपमहाशयांनी यांना कौशल्ये म्हटले नाही, सद्गुण म्हटले, ही गोष्ट लक्षणीय आहे. कौशल्य शिकवणी लावून मिळते. सद्गुण सवयीने, रोजच्या आचरणाने अंगी मुरतो.

आमच्या ओळखीचा एक तरुण लोखंडी ग्रील व शेडची कामे करीत असे. २०२० च्या टाळेबंदीत कामे थांबली आणि त्याला कारखाना बंद करावा लागला. तो भेटला तेव्हा म्हणाला, "फादर, शटर ओढलंय, पण कुणाचं देणं ठेवायचं नाही, असं ठरवलंय." फोन बंद करून घरी बसण्याऐवजी तो वही घेऊन लोखंडाच्या व्यापाऱ्याकडे स्वतः गेला, देणे दाखवले आणि दरमहा किती देता येईल ते प्रामाणिकपणे सांगितले. दुसऱ्याच्या हाताखाली राबून त्याने ते फेडले. पुढे त्याने पुन्हा काम सुरू करायचे ठरवले, तेव्हा पहिला माल त्याच व्यापाऱ्याने उधारीवर दिला. त्याच्याजवळ तारण नव्हते. होती ती पत.

'पत' हा आपल्या भाषेतला विलक्षण शब्द आहे. माणसाची अब्रू आणि बाजारातील उधारीची पात्रता या दोन्हींना आपण एकच शब्द योजतो. १९१८ साली मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांच्या प्रेरणेने वसईत कॅथॉलिक सहकारी बँकेचे बीज रोवले गेले, ते याच अर्थाच्या पतीवर.

स्पेनच्या बास्क प्रांतातील मोन्द्रागोन गावी असेच घडले. यादवी युद्धाने होरपळलेल्या त्या गावात १९४१ साली फादर होसे मारिया अरिझमेन्दियारिएता हे तरुण धर्मगुरू आले. १९४३ मध्ये त्यांनी तंत्रशाळा काढली. तिच्या पाच विद्यार्थ्यांनी गावकऱ्यांकडून पैसे उभे केले व १९५६ मध्ये रॉकेलच्या स्टोव्हचा सहकारी कारखाना चालू केला. १९५९ मध्ये बचत बँक निघाली. आज त्या समूहात सुमारे ७०,००० माणसे काम करतात. पहिल्या कारखान्याचा वारस असलेली मोठी कंपनी मात्र २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्या वेळी तिच्या अनेक सभासद कामगारांना समूहातील इतर संस्थांनी सामावून घेतले. गुणांमुळे अपयश टळतेच असे नाही. पण अपयशी माणूस एकटा पडत नाही, हे त्यांमुळे साधते.

आणि समाजाचे कर्तव्य नेमके येथे सुरू होते. धंद्यात बुडालेल्या मुलाविषयी आपण लग्नसमारंभात काय बोलतो, यावर दुसरी दहा मुले धाडस करतील की नाही हे ठरते. ज्याने नेकीने व्यवहार केला व तरीही हरला, त्याला चर्चच्या पायरीवर मान खाली घालावी लागू नये. आईबापांनी घड्याळ उघडणाऱ्या मुलाला दटावण्याऐवजी ते पुन्हा जोडायला लावावे. शेजाऱ्यांनी ओळखीच्या तरुणाकडून माल घ्यावा आणि त्याचे पैसे वेळेवर चुकते करावेत. तालांत देणारा देऊन गेला आहे. तो परत येईल तेव्हा खोऱ्याची माती झटकीत त्याच्यापुढे उभे राहण्याची पाळी आपणांवर न येवो.